दोन टोल्यांचा हिशेब

महिन्याच्या आरंभी पगार हाती येतो आणि पंधरवडा उलटण्याच्या आत त्याला पाय फुटतात. घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, मुलांच्या शिक्षणाचा खर्च, वृद्ध मातापित्यांची औषधे, गावाकडे धाडावयाची रक्कम, अचानक उभे राहिलेले एखादे आजारपण, या साऱ्यांची तोंडे बुजविताना मध्यमवर्गीय गृहस्थाची जी तारांबळ उडते तिची त्याने लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु अशा संसारात औदार्याचा विषय निघाला की तो एका ठराविक वाक्याने मिटविला जातो. दानधर्म करणे हे ज्यांच्यापाशी उरते त्यांचे काम. आपल्यापाशी उरतेच काय? या प्रश्नामागे एक सिद्धान्त दडलेला आहे. दान हे शिलकेतून करावयाचे असते आणि म्हणून जितकी शिल्लक मोठी तितका दाता मोठा, हा तो सिद्धान्त होय. देवळाच्या भिंतीवरील संगमरवरी पाट्या, शाळेच्या दर्शनी भागातील देणगीदारांची यादी आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रे तोच दररोज मनावर ठसवीत असतात.

ख्रिस्ती धर्मविचाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या सिद्धान्ताला छेद दिला. त्याने हिशेबाची वही उलट्या बाजूने उघडली. पेटीत किती पडले हे बाजूस ठेवून देणाऱ्याच्या हाती मागे किती उरले, हे त्याने विचारले. हा प्रश्न एकदा मान्य केला की औदार्य ही श्रीमंतांची मिरासदारी राहत नाही. आणि गरिबालाही त्यातून सहजासहजी सुटका मिळत नाही.

मंदिरातील पेट्या

मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेट्यांसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे पाहत होता. ज्यू परंपरेतील नोंदीनुसार त्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराची तेरा दानपात्रे होती. नाणी धातूची आणि पात्रे कर्ण्यासारखी. तेव्हा कोणाचे दान किती वजनदार आहे हे डोळे मिटूनही कळत असले पाहिजे. धनवान लोक येत होते आणि भरभरून टाकीत होते. तेवढ्यात एक दरिद्री विधवा आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे त्या काळचे सर्वांत हलके नाणे. मजुराची दिवसभराची मजुरी एक दिनार धरली, तर या दोन टोल्यांची किंमत तिचा चौसष्टावा भाग भरते. म्हणजे दहा-बारा मिनिटांच्या श्रमाचे मोल. येशूने शिष्यांना जवळ बोलाविले आणि या बाईने सर्वांहून अधिक टाकले आहे, असे सांगितले. इतरांनी आपल्या समृद्धीतून दिले होते. तिने आपल्या कमतरतेतून, किंबहुना आपली सारी उपजीविकाच दिली होती.

व्यासपीठांवरून ही कथा बहुधा येथवरच सांगितली जाते. ती सांगून झाली की थैली फिरविली जाते. परंतु मार्काने ही कथा कोठे ठेवली आहे हे पाहिले म्हणजे तिचा अर्थ अधिक कठोर होतो. तिच्या लगेच आधी येशूने शास्त्र्यांवर कोरडे ओढले आहेत. लांबलचक प्रार्थनांचे ढोंग करून विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्यांचा त्याने निषेध केला आहे. कथेच्या लगेच नंतर, ज्या भव्य मंदिराच्या पेटीत ती दमडी पडली, त्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असे भाकीत आहे. ही मांडणी योगायोगाने झालेली दिसत नाही. विधवेच्या श्रद्धेचा गौरव करताना शुभवर्तमानकार एक अवघड प्रश्नही पुढे ठेवतो. तिच्यापाशी दोनच टोल्या का उरल्या होत्या? आणि ज्या संस्थेने त्या स्वीकारल्या, तिने त्यांचे पुढे काय केले?

गरिबाचे दान जी संस्था घेते तिच्यावर ऋण चढते. मंदिर असो, चर्च असो, शिक्षणसंस्था असो वा मदतनिधी, दोन टोल्यांवर उभ्या राहिलेल्या संस्थेला आपला एकही रुपया सैलपणाने खर्चण्याचा अधिकार नसतो. 'देवाला शंभर द्या, देव हजार देईल' असे आश्वासन देऊन अडलेल्या माणसाच्या खिशात हात घालणारे उपदेशक आजही आढळतात. ते विधवेची गोष्ट सांगतात; तिच्या आधीचा परिच्छेद मात्र वाचीत नाहीत.

आधी न्याय, मग दान

लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची कथा आहे. तो यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि लोकांच्या तिरस्काराचा विषय. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहिला आणि आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना देण्याचे त्याने जाहीर केले. शिवाय ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपटीने परत करण्याचे वचन दिले. या दोन गोष्टी त्याने एकमेकींत मिसळल्या नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लुबाडलेला पैसा परत करणे ही फेड झाली. तिला दान म्हणता येत नाही. स्वतःच्या हक्काचे जे असेल त्यातून दिलेले ते दान.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. तुकोबांनीही धन कसे खर्चावे हे सांगण्यापूर्वी ते कोणत्या व्यवहाराने जोडावे हे सांगितले आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस असे दानाचे तीन प्रकार केले आहेत आणि परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेल्या दानाला सात्त्विकाच्या पंक्तीत स्थान नाही. धर्म निरनिराळे असले तरी दानाची कसोटी लावताना ते अशा ठिकाणी एकमेकांच्या फार जवळ येतात.

ही कसोटी आजच्या व्यवहाराला लावून पाहण्यासारखी आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने एका मर्यादेपलीकडील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झाले. त्यातून शाळांना वर्गखोल्या मिळाल्या, रुग्णालयांना यंत्रे मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखादा कारखाना नदीत विषारी पाणी सोडीत असेल आणि त्याच नदीकाठच्या गावात पिण्याच्या पाण्याची टाकी बांधून देत असेल, तर जक्कयाच्या भाषेत त्याने अजून पहिला हिशेबही चुकता केलेला नाही. हेच लहान प्रमाणात घराघरांतही घडते. मोलकरणीचा दोन दिवसांचा पगार कापावयाचा आणि सणाला तिला जुनी साडी द्यावयाची, यात औदार्य शोधणे व्यर्थ होय. तिला आधी तिची मजुरी हवी असते.

डाव्या हाताला न कळणारे

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात दानाविषयी एक विलक्षण सूचना आहे. दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नये. उजवा हात काय करतो हे डाव्या हातालाही कळू नये. लोकांनी वाहवा करावी म्हणून जो देतो त्याला त्याचे फळ मिळून चुकले, असे तेथे म्हटले आहे. ही शिक्षा नव्हे. हा साधा व्यापारी हिशेब आहे. प्रसिद्धीसाठी पैसे मोजले, प्रसिद्धी मिळाली, व्यवहार पुरा झाला. त्यात दान असे काही उरले नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात या कर्ण्याचे आवाज अनेक आहेत. सभागृहातील पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव असते आणि पंखा सुरू झाला की ते वाचता येत नाही, एवढाच काय तो दिलासा. 2020 च्या टाळेबंदीच्या दिवसांत असंख्य सामान्य माणसांनी पदरमोड करून उपाशी मजुरांना जेवू घातले, याची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे. त्याच दिवसांत शिध्याची एक पिशवी, ती धरणारे पाचसहा हात आणि मध्ये मान खाली घातलेला एक माणूस अशी छायाचित्रेही घरोघरी पोचली. त्या माणसाला धान्य मिळाले. परंतु त्याची किंमत त्याने आपल्या अब्रूने चुकती केली. गुप्तदानाची महती सांगताना देणाऱ्याच्या अहंकाराचा विचार नेहमी होतो. घेणाऱ्याच्या मानाचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. घेणारा हा दात्याच्या पुण्यसंपादनाचे साधन नसतो. कालपर्यंत तो आपल्या पायांवर उभा होता आणि उद्या पुन्हा उभा राहू इच्छितो.

मात्र गुप्तता आणि बेहिशेबीपणा यांची गल्लत होता कामा नये. पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी दूरदूरच्या मंडळ्यांतून निधी गोळा केला, तेव्हा ती रक्कम पोचविण्यासाठी त्याने एकट्यावर विसंबून न राहता मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत कोणी बोट ठेवू नये, हा त्यामागील हेतू त्यानेच करिंथकरांना लिहिला आहे. देणाऱ्याचे नाव झाकलेले असावे आणि घेणाऱ्या संस्थेची वही उघडी असावी, असा हा दुहेरी नियम आहे. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलट घडते. देणगीदाराचे नाव फलकावर झळकते आणि जमाखर्च मात्र सभासदांनाही पाहावयास मिळत नाही.

अट नसलेले दान

ख्रिस्ती दानधर्माचा विचार भारतात करताना एक आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. अन्न, औषध आणि शिक्षण यांच्या आडून धर्मांतर घडविले गेले, हा तो आक्षेप होय. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत मिशनांच्या आश्रयाला आलेल्यांपैकी काहींनी धर्म बदलला. त्यातील श्रद्धा किती आणि भूक किती, हा प्रश्न तेव्हाच्या मिशनऱ्यांनाही सतावीत होता. पंडिता रमाबाईंचे शारदासदन 1889 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढील वर्षी पुण्यास आले. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या प्रश्नावरून मोठे वादळ उठले आणि 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आक्षेप घेणारे सारेच द्वेष्टे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मदतीखाली दबलेल्या माणसाचे स्वातंत्र्य अबाधित राहते का, हा प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानातच शोधले पाहिजे. जखमी वाटसरूला उचलणारा चांगला शोमरोनी त्याला जात वा श्रद्धा विचारीत नाही. तो जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो, अधिक खर्च झाल्यास परत येताना भरीन असे सांगतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्याहूनही बोलकी कथा दहा कुष्ठरोग्यांची आहे. दहाही बरे झाले. आभार मानावयास एकटाच परतला, आणि तोही परधर्मी गणला गेलेला शोमरोनी. इतर नऊजण कोठे आहेत असे येशूने विचारले खरे, परंतु आभार मानले नाहीत म्हणून त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. दिलेले दिले. कृतज्ञतेची वाट पाहण्याचा हक्क दात्याला असेल. तिची वसुली करण्याचा नाही. श्रद्धेची वसुली करण्याचा तर मुळीच नाही. या कसोटीवर जे ख्रिस्ती कार्य उतरत नाही, ते ख्रिस्ताच्याच मापाने उणे ठरते.

रमाबाईंच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहिले असता दानाचे दोन निराळे अनुभव एकाच आयुष्यात एकत्र आलेले दिसतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर हे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरले आणि पुण्यप्राप्तीसाठी जवळचे द्रव्य दानधर्मात वेचीत गेले. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्यापाशी काहीही उरले नव्हते. त्या आपत्तीत रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेली. हे सारे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. पुण्याच्या आशेने दिलेले दान आणि भुकेल्याची भूक पाहून दिलेले दान यांतील अंतर त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व स्त्रिया शेकड्यांनी आणल्या, त्यामागे ती जुनी भूक उभी होती. अमेरिकेत 1887 मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य करण्याचे अंगावर घेतले होते, आणि पुढेही कार्य बव्हंशी देणग्यांवरच चालले. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात आलेल्या स्त्रियांना केवळ अन्न वाढून त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई अशी कामे स्त्रिया तेथे शिकल्या. ज्या मराठी बायबलाच्या भाषांतरासाठी रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, त्याची छपाई याच संस्थेच्या छापखान्यात झाली. घेणाऱ्याच्या हाताला काम दिले म्हणजे तो हात फार काळ पसरलेला राहत नाही.

मूठभर धान्याची शक्ती

औदार्य म्हणजे भावनेचा क्षणिक उमाळा, अशी एक समजूत आहे. एखादे करुण दृश्य दिसले की हात खिशाकडे जातो, दृश्य नाहीसे झाले की हातही परत येतो. पौलाला हे माहीत असावे. करिंथच्या मंडळीला त्याने सांगितले की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी वर्गणीसाठी धावपळ करावी लागणार नाही. जे द्यावयाचे ते ज्याने त्याने मनाशी ठरवून द्यावे, कुरकुरत किंवा भीडेखातर देऊ नये, असेही त्याने बजावले. त्याच पत्रव्यवहारात मासेदोनियातील मंडळ्यांचा उल्लेख आहे. त्या स्वतः हलाखीत होत्या, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिले. देण्यामागचे तत्त्व पौलाने समानतेचे मानले: आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांची विपुलता तुमची. दाता आणि याचक या कायमच्या दोन जाती त्याला मान्य नव्हत्या.

या नियमित देण्याचे भारतातील सर्वांत सुंदर उदाहरण ईशान्येच्या डोंगरांत सापडते. मिझोराममध्ये 1910 च्या सुमारास ख्रिस्ती स्त्रियांनी एक प्रथा सुरू केली. घरातील स्त्री स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना त्यातून एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. साठलेला तांदूळ स्त्रिया घरोघर जाऊन गोळा करतात. तो विकला जातो आणि आलेला पैसा चर्चच्या कार्याला मिळतो. मिझो भाषेत या प्रथेला 'बुहफाइ थाम' म्हणतात आणि ती एका शतकाहून अधिक काळ टिकून आहे. आरंभीच्या काळात त्या स्त्रियांच्या हाती पैसा नव्हता. शिजवावयाचा तांदूळ तेवढा त्यांच्या हातात होता. त्यातूनच त्यांनी आपले देणे शोधले. मूठभर तांदूळ कमी पडल्याने कोणी उपाशी उठत नाही, परंतु दररोज चुलीपाशी दुसऱ्याची आठवण होते. दोन टोल्यांचा हिशेब त्या डोंगराळ प्रदेशातील स्त्रियांनी तांदळाच्या मापाने मांडला.

अशी मूठ केवळ ख्रिस्ती समाजानेच उचलली असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज राजवटीतील पणजीत मराठी शिक्षणासाठी जी संस्था उभी राहिली तिचे नावच 'मुष्टिफंड' आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेलाही खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या मूठमूठ धान्याने बळ दिले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही काढून दिले, ही गोष्ट महाराष्ट्रातील शिक्षकांना सांगावयास नको. माधुकरीवर आणि वार लावून जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या प्रांताने पाहिल्या आहेत. त्यांना जेवू घालणारी घरे बहुधा साधीच होती. ताटात वाढलेल्या त्या दोन भाकऱ्यांचा उल्लेख कोणत्याही पाटीवर नाही. पण त्यांच्या बळावर माणसे न्यायाधीश झाली, प्राध्यापक झाली.

दात्याच्या घरातील माणसे

औदार्याची आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी प्रवचनांत क्वचितच बोलले जाते. देणाऱ्याच्या हातून गेलेली वस्तू पुष्कळदा त्याच्या एकट्याची नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे. दुसऱ्याचे दुःख दिसले की ते उद्याची चिंता करीत नसत. त्या उद्याची चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला टिळकांच्या विशाल हृदयाचा प्रत्यय जसा येतो, तसाच रित्या डब्यांपुढे उभ्या राहिलेल्या गृहिणीच्या ओढाताणीचाही येतो. लक्ष्मीबाई हे सारे कडवटपणा न आणता, हसत हसत सांगतात. शिवाय पुढे अनाथ मुलांना पोटाशी धरताना त्याही मागे राहिल्या नाहीत. तरीही त्या हसण्यामागील प्रश्न वाचकाने विसरू नये. घरातील माणसांना विश्वासात न घेता केलेले औदार्य म्हणजे दुसऱ्याच्या ताटातून वाढलेले अन्न होऊ शकते. कौटुंबिक दान हे कुटुंबाच्या संमतीने झाले म्हणजेच ते टिकते. मिझो स्त्रियांची मूठ एवढी वर्षे टिकली, याचे एक कारण हेही असावे की ती काढणारे हात आणि घर चालविणारे हात एकच होते.

ख्रिस्ती परंपरेत उपवासकाळाला प्रार्थना आणि दान यांची जोड दिलेली आहे. इस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत जिभेला आवर घालून जे वाचेल ते गरिबाच्या मुखी जावे, अशी अपेक्षा असते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण ज्या समाजाने स्वतःलाच उद्देशून तयार केली, त्याला या जोडणीचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. उपवासाने वाचलेला पैसा फराळावर गेला, तर देहही हलका होत नाही आणि मनही.

दानाची मर्यादा

रोमन सम्राट ज्यूलियन हा ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता. 362 च्या सुमारास आपल्या एका मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली की हे ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, पण आमच्या गरिबांनाही पोसतात. आमच्या लोकांकडून मात्र कोणाला साहाय्य मिळत नाही. विरोधकाने दिलेले याहून चांगले प्रशस्तिपत्र मिळणे कठीण. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅपाडोशियातील सीझरिया येथे दुष्काळ पडला, तेव्हा बासिलने धनिकांना सुनावले की कोठारात अडकवून ठेवलेले धान्य मुळात भुकेल्याचेच आहे. पुढे त्याने नगराबाहेर आजारी आणि निराश्रित यांच्यासाठी मोठा आश्रम उभारला. जादा साठा हा गरिबाचा हक्क आहे, असे म्हटल्यावर दान आणि न्याय यांमधील भिंत पुष्कळ पातळ होते.

ही भिंत पातळच राहिली पाहिजे. मदर तेरेसा यांच्या कार्याविषयीचा वादही याच ठिकाणी येऊन थांबतो. 1964 च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले होते. परत जाताना त्यांनी आपली मोटार मदर तेरेसांना दिली, आणि त्यांनी तीत एकदाही न बसता सोडतीत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस लावला. मोटार ही त्यांच्या दृष्टीने वाटेवर पडलेल्या माणसाचीच होती. त्यांच्या टीकाकारांनी म्हटले की त्यांनी गरिबांना उचलले, पण माणसे गरीब का राहतात हे विचारले नाही. टीका अगदीच निराधार नाही. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पदपथावरील मरणोन्मुख माणसाने थांबावे, असेही कोणी म्हणू शकणार नाही. वाटमारी होत असलेल्या रस्त्यावर पहारा बसविणे शासनाचे काम आहे. तो बसेपर्यंत जखमा बांधणारा शोमरोनी लागणारच. आणि पहारा बसल्यावरही एकाकी, आजारी, वृद्ध माणसांना तो लागतोच. दानाने न्यायाची जागा घेऊ नये. न्यायाच्या नावाखाली दानाला सुट्टीही मिळू नये.

मग त्या मध्यमवर्गीय गृहस्थाने काय करावे? त्याच्यापुढे ख्रिस्ती परंपरेने ठेवलेले उत्तर फार मोठे नाही. त्याने प्रथम ज्याचे त्याचे देणे वेळेवर चुकते करावे. मग घरातील माणसांशी बोलून, उत्पन्नाच्या मानाने, लहान का होईना पण ठराविक वाटा महिन्याच्या आरंभीच वेगळा काढावा. कोणी दशांश देतो, कोणाला शतांश जड जातो. पेटीपुढे बसलेल्याने रक्कम मोजलीच नव्हती. जेथे तो वाटा द्यावयाचा त्या संस्थेची वही मागून पाहावी. आणि ज्याच्यापाशी पैसा खरोखरच उरत नाही, त्याच्यापाशीही मूठ असतेच. शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलाला अर्धा तास देणारा शिक्षक, खिडकीपाशी आलेल्या अडाणी म्हातारीला अर्ज भरून देणारा कारकून, आजारी शेजाऱ्याच्या उशाशी रात्र जागविणारा विद्यार्थी यांच्या दानाची पावती कोणी फाडत नाही. त्या म्हातारीला दुसऱ्या खेपेसाठी पुन्हा एस.टी.चे भाडे मोडावे लागले नाही, एवढेच काय ते तिच्यापुरते मोजता येते.